आईचा अमेरिकेतला मुक्काम सहा महिन्यांपुढे वाढवायचाय, आय-५३९ (मुदतवाढीचा फॉर्म) भरलेल्यांचे अनुभव हवेत

कवडसा

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज अडलंय म्हणून लिहितेय.

आई-बाबा २० जूनला आमच्याकडे आले. दोघांचा बी-१/बी-२ म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा, दहा वर्षांचा. विमानतळावर सहा महिने मिळाले, आय-९४ वर (प्रवेशाच्या नोंदीवर) १९ डिसेंबर आहे आणि परतीचं तिकीट ५ डिसेंबरचं. माझी तारीख सप्टेंबरच्या शेवटी होती पण बाळ जुलैच्या मध्यातच आलं, तिसाव्या आठवड्यात, १३०० ग्रॅम वजन. नऊ आठवडे एनआयसीयूमध्ये, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं. आता घरी आलंय पण नाकाला ऑक्सिजनची नळी आहे, पायाला मॉनिटर आहे, आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलंय की मार्चपर्यंत डे-केअर नको, आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूचा सीझन आहे, साधी सर्दीसुद्धा परवडणार नाही. मोठा तीन वर्षांचा आहे. माझं अजून टाके दुखणं संपलेलं नाही.

आई म्हणते मी थांबते. नवरा म्हणतो एक्स्टेन्शनचा अर्ज करू. भाऊ म्हणतो अर्ज कशाला, व्हिसा २०३१ पर्यंत आहे ना, राहू दे तिला. आणि माझ्या डोक्यात एकच भीती, की अर्ज केला म्हणून पुढच्या वेळी आईला विमानतळावरून परत पाठवलं तर?

ज्यांनी आई-वडिलांचा मुक्काम वाढवलाय त्यांनी प्लीज लिहा. चांगलं वाईट सगळं लिहा.

देवचाफा

आधी बाळाला खूप आशीर्वाद. ऑक्सिजन सुटेल गं, माझ्या भाचीचं बाळ २८ आठवड्यांचं होतं, आता शाळेत जातंय.

आता भावाचं. त्याला आजच्या आज फोन कर आणि सांग की हे डोक्यातून काढून टाक. व्हिसावरची तारीख म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते आय-९४ ठरवतं आणि ती तारीख विमानतळावरचा अधिकारी देतो. २०३१ असो नाहीतर २०३५, १९ डिसेंबर उलटला आणि अर्ज केलेला नसला की २० तारखेपासून ओव्हरस्टे. एक दिवस जास्त झाला तरी तो दहा वर्षांचा व्हिसा कायद्याने रद्द होतो आणि पुढच्या वेळी मायदेशातून नवीन व्हिसा काढावा लागतो.

गुळवेल

+१. आमच्या ओळखीच्यांनी नेमकी हीच चूक केली, दोन्ही तारखांची गल्लत. वाईट वाटतं सांगायला.

पाटीपेन्सिल

मी सासूबाईंचा केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फॉर्म आय-५३९. ऑनलाइन भरता येतो, तोच भर. फी १ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ४२० डॉलर आणि कागदावर ४७० डॉलर आहे. पूर्वी बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे, फोटो) वेगळे ८५ डॉलर लागायचे ते ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाले. दोघांचा वाढवायचा असेल तर एकाच अर्जात दुसऱ्याला आय-५३९ए जोडून घेता येतं, फी एकच. आईचं स्वतःचं अकाउंट उघडायचं, तुझ्या नावाने नाही, कारण अर्जदार आई आहे. ओटीपी यायला तिच्या ईमेलचा पासवर्ड शोधण्यात आमची एक अख्खी संध्याकाळ गेली होती, ते आधी बघून ठेव.

कधी भरायचा, तर यूएससीआयएसच (इमिग्रेशनचे अर्ज बघणारं सरकारी खातं) म्हणतं की आय-९४ संपायच्या किमान ४५ दिवस आधी. तुझ्या हिशेबात ४ नोव्हेंबर. ती सूचना आहे, शेवटची मुदत १९ डिसेंबरच, पण शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस. सर्व्हर बंद पडला, कार्ड चाललं नाही, असल्या गोष्टी अशाच वेळी होतात.

आम्ही जोडलेले कागद: पासपोर्टची पानं, व्हिसा, आय-९४ चा प्रिंट, एक पानाचं पत्र, माझ्या नवऱ्याचं हमीपत्र आणि बँकेचं स्टेटमेंट, सासूबाईंच्या पेन्शनचं पासबुक, घराच्या मालकीचा कागद, आणि नवीन तारखेचं परतीचं तिकीट. मराठीतल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि खाली भाषांतर करणाऱ्याची सही, की मला दोन्ही भाषा येतात आणि हे बरोबर आहे. ते विसरू नकोस.

पासपोर्टची मुदतही बघ, पूर्ण मुक्कामभर चालू हवा.

पावती म्हणजे आय-७९७सी, ती जपून ठेवायची. पुढच्या प्रत्येक वेळी विमानतळावर बरोबर द्यायची. आमचा मंजुरीचा निर्णय आला तेव्हा सासूबाई परत जाऊन दोन महिने झाले होते.

कवडसा

पाटीपेन्सिल, किती आभार मानू. पण शेवटचं वाक्य कळलं नाही. निर्णय यायच्या आधीच त्या परत गेल्या? मग मधले महिने त्या कुठल्या हिशेबात होत्या?

सोनटक्का

मी सांगतो. मुदतीच्या आत अर्ज पोचला असेल, अर्ज खरा असेल आणि माणसाने इथे नोकरी वगैरे केली नसेल, तर निर्णय येईपर्यंत बेकायदा मुक्कामाचे दिवस मोजले जात नाहीत. म्हणजे सासूबाई त्या काळात अर्जाच्या आधारावर थांबलेल्या होत्या. निघून गेल्या की विषय संपला.

अडचण कधी येते, आय-९४ संपलेला आहे, माणूस इथेच आहे आणि नकार आला. मग दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू. १८० दिवसांच्या वर गेलं आणि मग देश सोडला की तीन वर्षं बंदी, एक वर्ष किंवा जास्त झालं की दहा वर्षं. हा १९९६ चा कायदा आहे. आणि अजून एक, पूर्वी नकार आला की लोक मुकाट्याने तिकीट काढून निघायचे आणि भागायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूएससीआयएसने धोरण बदललं, आता नकारानंतर माणूस परवानगीशिवाय इथे आहे असं दिसलं तर इमिग्रेशन कोर्टाची नोटीस पाठवू शकतात. त्या वयाच्या माणसाच्या नावाने कोर्टाची नोटीस दारात यावी, नको रे बाबा. म्हणून अर्ज करताना जी तारीख मागाल त्याच्या आत निघा. आणि नकार आला तर त्याच आठवड्यात निघायची तयारी ठेवा.

बी-२ ला प्रीमियम प्रोसेसिंग नाही, जास्त पैसे भरून लवकर निकाल मिळत नाही. कुणी एजंट मिळवून देतो म्हणाला तर फोन ठेवून द्या.

वाटसरू

मी विरुद्ध मत मांडतो, कवडसाताईंनी वाईटही लिहा म्हटलंय म्हणून.

आम्ही वडिलांचा वाढवला होता. अर्ज मंजूर झाला, साडेदहा महिने राहिले, वेळेत गेले, सगळं नियमात. दीड वर्षाने परत आले तर आत वेगळ्या खोलीत बसवलं. दोन तास. व्हीलचेअरवर होते, फोन वापरायला बंदी, आम्ही बाहेर काचेपाशी उभे, आत काय चाललंय कळायला मार्ग नाही. विचारत होते एवढे महिने काय करत होतात, खर्च कोणी केला, मुलाच्या घरी काम करता का, तिकडे घर कोण बघतं. वडिलांना ऐकू कमी येतं, अधिकारी एकदा विचारून दुसऱ्यांदा विचारायला लागला की ते घाबरून हो म्हणायचे. शेवटी दुभाषा दिला फोनवर. सोडलं, पण आय-९४ वर तीनच महिने दिले.

बाहेर आले तेव्हा पहिलं वाक्य, "मी काही चोरी केली का रे?" तेव्हापासून मी ठरवलं, सहा महिने म्हणजे सहा महिने. मंजुरी मिळाली म्हणजे पुढची एन्ट्री सुकर झाली असं नाही. दर वेळी अधिकारी नव्याने ठरवतो.

पाटीपेन्सिल

वाटसरू, वाचून पोटात कालवलं. काकांना नमस्कार सांगा.

पण तीन महिने दिले होते तर तुम्ही दुरुस्तीला जायला हवं होतं. पर्यटकाला आत घेतलं तर कमीत कमी सहा महिने द्यायचे असा त्यांच्याच नियमावलीत सर्वसाधारण नियम आहे, कमी द्यायचे तर तसं कारण लागतं. टायपिंगची चूकही असू शकते. डिफर्ड इन्स्पेक्शनचं ऑफिस असतं सीबीपीचं, म्हणजे विमानतळावर तपासणी करणाऱ्या खात्याचं, तिथे आय-९४ च्या चुका दुरुस्त करून मिळतात.

वाटसरू

हे माहीतच नव्हतं. आम्ही गप्प तिकीट बदललं.

देवचाफा

म्हणून सगळ्यांना सांगते, उतरल्या दिवशी रात्री सीबीपीच्या साइटवर जाऊन दोघांचा आय-९४ वेगवेगळा काढून बघायचा. एकत्र उभे होते म्हणून तारीख एकच असेल असं नाही. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांना ते पांढरं कागदी कार्ड मिळत नाही, त्यामुळे लोक बघायचंच विसरतात.

टिपूर

सगळ्यात सोपा उपाय कोणी सांगितला नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला चार दिवस कॅनडाला फिरून या, परत येताना नवीन सहा महिने. माझ्या मित्राने केलंय.

मेपल_मावशी

टिपूर, मी कॅनडातच राहते, नको रे असं सांगूस. पहिली गोष्ट, भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो. दुसरी, तीस दिवसांच्या आतल्या फेरीत बहुतेक वेळा जुनाच आय-९४ चालू धरतात, नवीन सहा महिने मिळतीलच असं काही नाही. आणि अधिकाऱ्याने विचारलं कशाला गेला होतात तर काय सांगणार? मुक्काम वाढवायला म्हणून? ऑक्सिजनवरचं बाळ घरी ठेवून आजीला सीमेवर पाठवायचं हेच मुळात पटत नाही.

राहवत नाही म्हणून सांगते, आमच्याकडे आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा आहे. जुलै २०२२ पासून एका एन्ट्रीत पाच वर्षांपर्यंत राहता येतं. किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा आरोग्यविमा दाखवावा लागतो आणि मुलांचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर हवं. माझी आई दोन हिवाळे राहिली. अमेरिकेत असं काही का नाही याचं मला फार वाईट वाटतं, नातवंडं तर तिथेही आहेत.

टिपूर

बरं मावशी, मागे घेतो. मित्राला नशिबाने मिळाले असतील.

दर्यावर्दी

विषय निघालाच आहे तर इतर देशांचंही लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल.

ऑस्ट्रेलियाचा ६०० क्रमांकाचा व्हिजिटर व्हिसा आला की पत्रावरच्या अटी वाचा. ८५०३ असेल तर "नो फर्दर स्टे", म्हणजे तिथे राहून दुसरा व्हिसा मागताच येत नाही, फार मोठं आणि आपल्या हाताबाहेरचं कारण असेल तरच ती अट उठवतात. आमच्या घरी ते पत्र कोणी नीट वाचलं नव्हतं, बायकोच्या आईचा मुक्काम वाढवायला बसलो तेव्हा कळलं, आणि आठ दिवसांत सामान बांधलं.

युरोपात शेंगेन गटातल्या सगळ्या देशांत मिळून कुठल्याही १८० दिवसांत ९०. लोकांना वाटतं ९० झाले की एक दिवस बाहेर जाऊन यायचं, तसं नाही, रोज मागचे १८० दिवस मोजायचे. वाढ फक्त आजारपण, युद्ध, नैसर्गिक आपत्ती असल्याच कारणांनी. आणि ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी चेहरा आणि बोटांचे ठसे घेणारी यंत्रणा सुरू झालीय, दिवस आता कॉम्प्युटर मोजतो. ब्रिटनमध्ये दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा असला तरी एका वेळी सहाच महिने, आणि मुलीचं बाळंतपण हे कारण तिथे वाढीला चालत नाही.

त्या मानाने अमेरिकेत निदान अर्ज करायची सोय तरी आहे, तीही एका वेळी सहा महिन्यांपर्यंत. कवडसा, ती वापर.

कवडसा

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. आता खरा प्रश्न पत्राचा आहे. कारण काय लिहायचं? मी कच्चं लिहिलं होतं, "माझी मुलगी कामावर रुजू होणार असून बाळाला डे-केअरमध्ये ठेवता येत नसल्यामुळे त्याला सांभाळण्यासाठी मला थांबायचे आहे". नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला हे असं नको. पण खरं तर हेच आहे ना?

सोनटक्का

नवऱ्याचं बरोबर आहे. हे वाक्य असं गेलं तर अधिकारी वाचणार की आजी पगारी आयाच्या जागी आलीय. बी-२ वर काम करायला बंदी आहे आणि पैसे घेतले नाहीत म्हणून ते काम नाही असं तो म्हणेलच असं नाही.

टिपूर

मग लिहा की फिरायचं राहिलंय. ग्रँड कॅन्यन वगैरे.

सोनटक्का

नाही. खोटं अजिबात नाही. सरकारी अर्जात खोटं कारण दिलं आणि ते सापडलं तर कायमचं प्रवेशबंद होऊ शकतं, ओव्हरस्टेपेक्षा वाईट.

लिंबोणी

मी इथली जुनी सभासद, वय ६८, तीन वेळा अमेरिकेत राहून आले, एकदा मुक्काम वाढवून. मला वाटतं प्रश्न खरं-खोटं असा नाहीच आहे. कवडसा, तू लिहिलंस ते तुझ्या बाजूने लिहिलंस. अर्ज तुझ्या आईचा आहे. तिच्या बाजूने लिही ना. तिची मुलगी आजारातून उठतेय, नातू दहा आठवडे आधी जन्मलाय, त्याला अजून ऑक्सिजन आहे, आणि अशा वेळी तिला त्यांना सोडून जाववत नाही. हे खरं आहे की नाही? तुझ्या नोकरीचा त्यात संबंध कुठे येतो? तू रजा किती घेणार, बाळाला दिवसा कोण बघणार, ती सोय तुम्ही दोघांनी करायची आणि ती पक्की करूनच अर्ज करायचा. आजी जवळ असेल, कडेवर घेईल, अंगाई म्हणेल, ते कुठल्या देशाचा कायदा काम म्हणत नाही.

आणि एक विचारू का? रागावू नकोस. आईला विचारलंस का? "मी थांबते" असं आई म्हणतेच. मीही म्हणाले होते. सातव्या महिन्यात मला रात्री झोप लागेना. माझे दात दुखत होते आणि मी मुलीला सांगितलं नाही, कारण विमा दाताला नव्हता आणि तिला खर्च पडेल. घरी यांचं कसं चाललंय याची काळजी. बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, दिवसभर घरात मी आणि घड्याळ. मुलीवर माझा राग नव्हता, आजही नाही, पण कोणी तेव्हा समोर बसून विचारलं असतं तर मी मार्चऐवजी जानेवारी म्हटलं असतं.

गुळवेल

लिंबोणी मावशी 🙏

शिंपला

वाचून मी लगेच आईला फोन केला. ती तीन महिन्यांपूर्वी परत गेलीय. विचारलं तुला इथे कंटाळा यायचा का. बराच वेळ गप्प होती.

हिशेबनीस

भावनेच्या मध्ये आकडे आणतो, माफ करा, पण हे कोणी सांगत नाही आणि नंतर त्रास होतो.

अमेरिकेत टॅक्ससाठी दिवस वेगळे मोजतात. या वर्षीचे सगळे दिवस, अधिक मागच्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश, अधिक त्याच्या मागच्या वर्षीचा एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली की तुम्ही टॅक्सपुरते रहिवासी, मग व्हिसा टुरिस्ट का असेना. २० जून ते ५ डिसेंबर १६९ दिवस होतात, म्हणजे बाबा सुटले, मागच्या दोन वर्षांत आले नसतील तर. पण आई ३१ डिसेंबरपर्यंत राहिली तर १९५. तेवढ्यात ती रेषेच्या पलीकडे गेली. एकाच वर्षात १८३ झाले की "माझा जास्त संबंध मायदेशाशी" म्हणून मिळणारी साधी सूटही मिळत नाही, मग भारत-अमेरिका कर कराराचा आधार घेऊन रिटर्नबरोबर फॉर्म ८८३३ भरावा लागतो. कर भरावा लागेल असं नाही, पण कागद भरावा लागेल. एप्रिलच्या आधी चांगल्या सीपीएला (इथल्या टॅक्स-हिशेबवाल्याला) भेटा.

कवडसा

हिशेबनीस, हे कुठेच वाचलं नव्हतं. मागची दोन वर्षं दोघंही आले नव्हते. लिहून ठेवलं.

लिंबोणी मावशी, रागावले नाही. फोन बाजूला ठेवून रडले थोडी. उद्या लिहिते.

पाटीपेन्सिल

विम्याचं राहिलं. व्हिजिटर इन्शुरन्स डिसेंबरपर्यंतच घेतलेला असेल, तो संपायच्या आधी वाढव. संपल्यावर नवीन घेतला तर मधल्या काळात जे झालं ते सगळं "आधीपासूनचा आजार" धरतात. बीपी-शुगरसाठी त्यात फारसं काही नसतं, "अक्यूट ऑनसेट" म्हणजे अचानक उद्भवलं तर ठरावीक रकमेपर्यंत, एवढंच. आणि गोळ्या मोज! सहा महिन्यांच्या आणलेल्या असतात. इथलं फार्मसीवालं तिकडच्या डॉक्टरची चिठ्ठी घेत नाही, इथल्या डॉक्टरला दाखवून लिहून घ्यावं लागतं.

वाटसरू

बाबा पेन्शनर आहेत का? नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला लागेल, ते ५ डिसेंबरला निघणार म्हणजे महिना उलटलेला असणार. जीवन प्रमाणवर चेहरा दाखवून फोनवरून करता येतो, दोन अ‍ॅप लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि एक आधार फेस आरडी. भारतातलं सिम चालू ठेवा. नाहीच जमलं तर भारतीय कॉन्सुलेटमध्ये सही-शिक्का करून मिळतो.

टिपूर

आमच्या आजोबांचा चेहरा अ‍ॅप चार वेळा नाकारत होतं. आजोबा म्हणाले, "डोळे मिचकाव म्हणतंय, म्हणजे मी आहे याचा एवढाच पुरावा?" पाचव्यांदा चष्मा काढला तेव्हा झालं.

कवडसा

काल रात्री दुधाची वेळ झाली म्हणून अडीचला उठले तर आई आधीच पाळण्यापाशी बसलेली. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा ९५-९६ आणि तिचा हात पाळण्याच्या दांडीवर. यंत्र वाजायच्या आधी ती उठते, हे मला दोन आठवडे माहीत आहे. तिथेच खाली बसून विचारलं. आई, खरं सांग.

आधी नेहमीचंच, मला काय त्रास आहे वगैरे. मी मावशींची पोस्ट तिला वाचून दाखवली. दातांपर्यंत आले तेव्हा म्हणाली, "गुडघा दुखतो गं, जिना चढताना." जिना! आमची बेडरूम वर आहे, दिवसातून वीस वेळा चढते ती. मला दिसलंच नव्हतं. मग म्हणाली बाबांची औषधं ती डब्यात भरून देते, एकटे गेले तर रात्रीची विसरतील, झोप त्यानेच जाते. बाळाची काळजी आहेच पण बाळापाशी बसलं की ती कमी होते, त्यांची इथून कमी होत नाही.

मग म्हणाली, "थांबते मी, पण तारीख लिही. मार्च वगैरे नको, तारीख." आम्ही १० फेब्रुवारी धरली. डॉक्टरांनी सांगितलेल्या मार्चपर्यंतचे, तिच्याशिवायचे शेवटचे काही आठवडे मी आणि नवरा रजा वाटून घेऊन काढणार, तो त्याच्या ऑफिसशी बोललाय. तिची खोली आज खाली आणली.

लिंबोणी

शाब्बास. त्या गुडघ्याला शेक दे आणि तिला खुर्ची दे पाळण्यापाशी, जमिनीवर बसू देऊ नकोस.

सोनटक्का

१० फेब्रुवारी उत्तम. अर्जातही तीच तारीख मागा, सहा महिने मिळतात म्हणून सहा मागू नका. गरजेपुरतंच मागितलेलं दिसतं, आणि त्याच तारखेचं तिकीट जोडलं की पत्राला वजन येतं.

देवचाफा

बाळाच्या डॉक्टरांचं पत्रही जोड गं. निदान, घरचा ऑक्सिजन, गर्दीत न्यायचं नाही, एवढं दोन ओळींत.

कवडसा

तीन आठवड्यांनी अपडेट.

२२ ऑक्टोबरला अर्ज ऑनलाइन भरला, फक्त आईचा. पत्र तिने मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत उतरवलं, परत मराठीत वाचून दाखवलं, मग तिने सही केली. दोन ठिकाणी तिने बदल करायला लावले. मी "आजारी मुलगी" लिहिलं होतं, ते काढ म्हणाली, "तू आजारी नाहीस, बाळंतीण आहेस." पावती दुसऱ्या दिवशी अकाउंटमध्ये आली. बायोमेट्रिक्सचं अजून काही आलं नाही.

बाबांचा हयातीचा दाखला १ नोव्हेंबरला झाला, दुसऱ्याच प्रयत्नात. टिपूर, चष्मा आधीच काढला होता. विमा फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत वाढवला. बाबा तिकडे गेले की त्यांना रोज रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल करायचा आणि गोळी घेताना बघायचं असं भावाने स्वतःकडे घेतलंय. त्याला व्हिसा आणि आय-९४ मधला फरकही नीट समजावला, त्याने त्याच्या सासऱ्यांचा आय-९४ काढून बघितला तर नऊ दिवस उरले होते. तिकीट बदललं लगेच.

एक शेवटचं विचारते. १० फेब्रुवारीपर्यंत निर्णय आलाच नाही तर विमानतळावर काही दाखवायला लागतं का?

पाटीपेन्सिल

जाताना कोणी विचारत नाही, बाहेर पडल्याची नोंद विमान कंपनीकडून आपोआप जाते. तरी बोर्डिंग पास आणि तिकडे उतरल्यावरचा पासपोर्टवरचा शिक्का, दोन्हींचे फोटो काढून पावतीबरोबर एका फाइलमध्ये ठेव. सासूबाई पुढच्या खेपेला आल्या तेव्हा अधिकाऱ्याने विचारलंच, मागच्या वेळी आठ महिने कशा राहिलात. त्यांनी फाइल पुढे केली. त्याने पहिलं पान बघितलं आणि परत दिली.

वाटसरू

फाइलचं मीही केलं असतं तर बरं झालं असतं. बाबा पुढच्या जूनमध्ये यायचं म्हणतायत. या वेळी जुनी मंजुरी, पावती, सगळं त्यांच्या हातातल्या पिशवीत देतो, आणि "ऐकू कमी येतं, दुभाषा द्यावा" असं इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी सगळ्यात वर.

कवडसा

वाटसरू, चिठ्ठीची कल्पना आईसाठी घेतेय. काकांना सांगा जूनमध्ये नक्की या.

बाळ आज ३९०० ग्रॅम. दिवसा दोन तास नळीशिवाय.